घरटी एक नोकरी

"साबण संपलाय तर सांगायचं ना कुनीतरी. तिकडंपन मीच बघायचं, हितंपन मीच."

न्हाणीच्या पत्र्याच्या दाराआड माझा मुलगा पुटपुटत होता. मी बाहेर दोन हातांच्या अंतरावर बसून भांडी घासत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं, आणि तो माझ्याशी बोलत नाहीये हेही कळत होतं. साबण संपला नव्हता. आदल्या दिवशीच मी नवी वडी कोनाड्यात ठेवली होती, कागदासकट. तो कागद फाडायचा, एवढंच काम होतं. पूर्वी हाच दिपेश बंद पडलेला पंप अख्खा खोलून, पुसून, अंधारातसुद्धा परत जोडायचा.

मी हात धुतले, दार जरासं ढकलून हात आत घातला, चाचपडत वडी काढली, कागद फाडला आणि त्याच्या तळहातावर ठेवली. तेहतीस वर्षांच्या माणसाच्या न्हाणीत आईने हात घालावा हे काही बरं नव्हे. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. "थँक्यू, आये," म्हणाला, हापिसातल्या माणसाला म्हणावं तसं.

रजेचा तो सहावा दिवस होता. कंपनीच्या डॉक्टरने पंधरा दिवस दिले होते, कागदावर 'विश्रांती' असं लिहून. सोळाव्या दिवशी, सोमवारी, हजर व्हायचं होतं.

आमच्याकडे नोकरी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. कंपनी वाढली तेव्हा खाडीकडची आमची भातखाचरं आणि मिठागर तिच्यात गेलं. बदल्यात जे मिळालं त्याचं हे घर झालं, आणि एक कागद मिळाला. घरटी एक नोकरी. माझे यजमान बुधाजी तेव्हा वयात बसत नव्हते, म्हणून कागद दिपेशच्या नावाने लागला. तो एकोणीस वर्षांचा होता. पहिल्या दिवशी त्याला गेटापर्यंत सोडायला आम्ही दोघं गेलो होतो. ह्यांनी बोट करून दाखवलं, "ती उंच टाकी दिसते न? तितं आपलं मिठाचं आगर व्हतं. तिच्याखालनं जाशील तवा मनात नमस्कार कर." पोरगं चौदा वर्षं त्या टाकीखालून जातंय.

त्यामुळे आमच्या गावात नोकरी कुणी सोडत नाही. सोडलेला माणूस मी पाहिलेला नाही. दारू पिऊन गेटाशी पडलेले पाहिले, मशीनमध्ये बोटं गेलेले पाहिले, हारतुरे घेऊन निवृत्त झालेले पाहिले, मेलेले पाहिले. ती नोकरी नाहीच, ती जमीन आहे, आणि कंटाळा आला म्हणून जमीन कुणी टाकून देत नाही. पूर्वी दसऱ्याला आम्ही मीठ ओढायच्या लाकडी फावड्याला फूल वाहायचो. आता दिपेशच्या हेल्मेटला झेंडूची माळ घालतो आणि बुटांना हळदकुंकू लावतो. पहिल्या वर्षी तो तसाच ड्युटीला गेला आणि लोखंडी शिडीवर पिवळे ठसे उमटवून आला.

दिपेशचं काम परमिटचं. मोठ्या टाक्या साफ करायला माणूस आत उतरतो. तो उतरण्याआधी आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे का, हे मीटर आत सोडून बघायचं, आकडा कागदावर लिहायचा आणि खाली सही करायची. ती सही झाली की माणूस आत. सही दिपेशची.

मार्चमध्ये शटडाऊन होतं, म्हणजे अख्खा प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. दिवसाला चाळीस चाळीस परमिटं. एका दुपारी वरून तिसऱ्यांदा फोन आला, आणि दिपेशने एका टाकीचा आकडा खुर्चीत बसूनच लिहिला. सकाळी होता तोच. सही केली. ठेकेदाराचा माणूस आत उतरला, अर्ध्या तासाने वर आला, घाम पुसला आणि दिपेशकडे तंबाखू मागितली.

बस. एवढंच झालं. म्हणजे काहीच झालं नाही.

मला हे अमिषाने, माझ्या सुनेने, कोळंबी सोलताना सांगितलं. खाली मान घालून, कोळंबीला सांगावं तसं. "आई, हे म्हणतात, तंबाखू खिशात होती. पण ह्यांनी त्याला नाही म्हटलं. खिशातून हात बाहेर काढवेना."

काही झालं असतं तर चौकशी झाली असती, शिक्षा झाली असती, गावाने चार दिवस बोलून सोडून दिलं असतं. काहीच झालं नाही, त्याची चौकशी कोण करणार? ती दिपेशने स्वतःच सुरू केली. प्रत्येक टाकीवर स्वतः जायचा. मीटर सोडायचा, आकडा लिहायचा, शिडी उतरायचा, आणि खाली आला की परत वर. तीन तीन वेळा. परमिटं खोळंबायला लागली. ड्युटी सुटली तरी हा तिथेच. शेवटी साहेबाने सगळ्यांदेखत सुनावलं, हिंदीत, कारण साहेब उत्तरेकडचा. "जमीन के बदले आए हो ना, इसीलिए।"

दिपेशने नोकरी करता करता डिप्लोमा केलाय, पहिल्या वर्गात. पण त्या दिवशी त्याने साहेबाला ते सांगितलं नाही. घरी येऊन आम्हाला सांगितलं, जसं काही आम्हालाच माहीत नव्हतं.

ताण हा शब्द आमच्या घरात कंपनीनेच आणला. त्याआधी आम्ही 'डोकं उठलंय' म्हणायचो आणि उठलेलं डोकं कधीतरी आपोआप बसायचं. एप्रिलमध्ये कँटीनच्या हॉलमध्ये नवी मुंबईहून एक बाई आल्या. हजेरी सक्तीची, जो येणार नाही त्याची अर्धी रजा जाणार. बाईंनी प्रत्येकाला एक फुगा दिला. म्हणाल्या, डोळे मिटा, सगळा ताण या फुग्यात भरा, गाठ मारा, आणि मी सांगितलं की फोडा. चाळीस माणसांनी चाळीस फुगे एकदम फोडले. आणि ही जागा अशी, की मोठा आवाज झाला तर माणसं वायू कुठे जाईल म्हणून आधी वाऱ्याची दिशा बघतात आणि मग पळतात. बाहेरचे दोन सिक्युरिटीवाले धावत आत आले. कँटीनचा आचारी गॅस बंद करून मागच्या दाराने जो गेला, तो संध्याकाळी परत आला.

दिपेशने हे जेवताना सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

"आनि तुजा फुगा?" मी विचारलं.

त्याने खिशातून लाल फुगा काढला, तसाच, न फुगवलेला, आणि सहा वर्षांच्या तेजस्वीला, त्याच्या लेकीला दिला. "फुंकर पुरली न्हाय, आये," म्हणाला.

मी माझे उपाय केले. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट होती म्हणतात. असा ठसका आला की शेजारची शकू काय जळतंय विचारत आली. म्हणजे दृष्ट नव्हती. मला जरा वाईटच वाटलं. दृष्ट असती तर सोपं होतं.

ह्यांनी त्यांचा उपाय केला. आठव्या दिवशी सकाळी न सांगता सायकल काढून गेले. दुपारी आले तेव्हा सदऱ्याला माशाचे खवले चिकटलेले आणि कॅरियरवर ओलं रिकामं पोतं.

"कुटं गेलंवता?"

"साहेबाच्या बंगल्यावर."

आमच्याकडे कुणाकडे काम असलं की खाडीतला जिताडा मासा घेऊन जायची पद्धत आहे. तलाठ्याला, मास्तराला, कुणालाही. जिताडा घेऊन गेलेला माणूस आजवर हात हलवत परत आला नव्हता. ह्यांनी खाडीवरच्या दोस्ताकडून पाच किलोचा जिताडा मिळवला होता, ओल्या पोत्यात गुंडाळून नऊ किलोमीटर नेला होता. दिपेशला परमिटवरून हलवून स्टोअरला टाका, एवढं मागायला.

"साहेब शाकाहारी हाय," हे म्हणाले. पाटावर बसले. "वास आल्यावर बाईसाहेब आत गेल्या. मासा डायव्हरनं नेला."

"आनि काम?"

"साहेब बाहेर आला, गोड बोलला. म्हनला, दिपेश इमानदार मानूस हाय. परमिटवर असाच मानूस पायजे. तितनं हलवनार न्हाय." तांब्यातलं पाणी प्यायले आणि थोड्या वेळाने परत म्हणाले, "पन चांगला म्हनला हो पोराला."

नवव्या दिवशी केतन आला. हा माझ्या दिराचा मुलगा, त्याच कंपनीत, युनियनचं काम बघतो. एरवी दारातूनच "काकी, चहा टाक" म्हणत येणारा, त्या दिवशी मोटरसायकलवरून उतरलाच नाही. हेल्मेटही काढलं नाही. मी अंगणात सुकट पसरत होते.

"काकी, तू दादाशी बोलतीस का?"

"बोलते की. जेवलास का, झोपलास का."

"तसं न्हाय गं." त्याने इकडेतिकडे बघितलं. दिपेश आत झोपला होता. "दादानं काल फोन केला मला. अनुकंपाचं विचारत व्हता."

अनुकंपा म्हणजे काय ते आमच्या गावात शाळेत न गेलेल्या बाईलाही माहीत आहे. कामावर असताना माणूस गेला, तर त्याच्या जागी घरातल्या एकाला घेतात.

"कुनाच्या अनुकंपाचं?"

"असंच म्हनला, रूल काय हाय. आधी विचारलं, राजीनामा दिला तर घरातल्या दुसऱ्याला लागते का. मी बोललो, न्हाय दादा, राजीनामा दिला म्हणजे विषय क्लोज. जमिनीवरची जागा एकदाच. मग विचारलं, आणि..." केतनने मोटरसायकलच्या आरशावरची धूळ बोटाने पुसली. "मग विचारलं, मानूसच न्हाय राह्यला तर. मी बोललो, तर बायकोला लागते. बारावी असली तर हापिसात पन लागते. काकी, त्यानं रूल विचारला म्हणून मी रूल सांगितला गं."

"बरोबर हाय. तू रूल सांगितलास."

"जोक करत असंल दादा."

"व्हय. लहानपनापासनं जोक्या तो."

आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो, दात दाखवून. जाताना त्याने एक चिठ्ठी दिली, अलिबागच्या एका डोक्याच्या डॉक्टरचा नंबर. "असू दे तुझ्याकडं," म्हणाला. मी ती फ्रिजवर चुंबकाखाली लावली. सहा दिवस ती तिथे होती. दूध काढताना, पाणी ठेवताना घरातल्या प्रत्येकाने ती वाचली असणार. दिपेशनेसुद्धा.

त्या दुपारी मी ह्यांना एवढंच म्हटलं, "दिपेशला एकटं नका सोडू. चक्कर येते त्याला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "कवापासनं?"

"येते."

पुढे विचारलं नाही त्यांनी. चक्कर येणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे नेऊ, असंही म्हणाले नाहीत. म्हणजे त्यांना कळलं होतं. संध्याकाळी अमिषा भाकऱ्या करता करता म्हणाली, "आई, ह्यांना चक्कर येते म्हणे." मी हो म्हटलं. "मलापण वाटलंच," ती म्हणाली आणि भाकरी करपली.

त्या दिवसापासून आमच्या घरातल्या सगळ्यांनाच दिपेशबरोबर बाहेर जायची हौस आली. तो दुकानात निघाला की मला काडेपेटी हवी असायची. तो मागच्या अंगणात गेला की ह्यांना नारळाला पाणी घालायचं असायचं. अमिषा त्याच्या पाठोपाठ तेजस्वीला पाठवायची, "पप्पांना चित्र दाखव जा." पोरीने एका आठवड्यात दोन चित्रकलेच्या वह्या संपवल्या.

अकराव्या दिवशी, ऊन कललं तेव्हा, दिपेश खाडीच्या बांधावर चालला. मी टोपली घेतली, म्हटलं, खेकडे मिळतात का बघते. अमिषा म्हणाली, तिकडे फोनला रेंज चांगली येते. हे म्हणाले, वारं खातो जरा. बांध एवढा अरुंद की दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. पुढे दिपेश, मागे तेजस्वी, मग अमिषा, मग मी टोपली घेऊन, मग हे. लग्नाचं वऱ्हाड चुकून खाडीत शिरावं तसे आम्ही.

"आपण पिकनिकला चाललोय?" तेजस्वीने विचारलं.

दिपेश वळला. एकेकाकडे बघितलं त्याने. माझ्या टोपलीकडे, अमिषाच्या हातातल्या फोनकडे. "व्हय," म्हणाला, "पिकनिक." आणि हसला. घरचा माणूस पाहुण्यांना बघून हसतो तसं, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. महिनाभरात तो पहिल्यांदा हसला होता, आणि मी नजर टोपलीत घातली.

आम्ही उघाडीपाशी बसलो. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं खारं पाणी आलं की ते दाबाने बंद होतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून ते उघडतं. दिपेश तेजस्वीला ते समजावत होता. तिने विचारलं, "पण बंद कोण करतं?"

"कुणीच नाही. पाणीच करतं. बघ, याला कुणाची सही लागत नाही."

समोर खाडीपलीकडे कंपनीचे दिवे लागायला लागले होते. हे मघापासून तिकडेच बघत होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तेजस्वी, ती उंच टाकी बघ. तितं तुज्या पनज्याचं आगर व्हतं."

"बाबा," दिपेश म्हणाला, "ती टाकी न्हाय."

"म्हंजे?"

"मी नकाशा बघितलाय. टाकीच्या खाली डोंगरपाड्याची जमीन हाय. आपलं आगर मागं गेलंय. ट्रकच्या पार्किंगमध्ये."

टाकीकडे बघायचं की न बघायचं, हे ह्यांना कळेना.

"कवा बघितलास नकाशा?"

"पहिल्याच वर्षी."

"मंग बोल्ला न्हायस?"

"तुम्हाला टाकी आवडत व्हती."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बांधावर आम्ही पाच जणच होतो, आणि इतकं खरं आमच्या घरात कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं. तोंड उघडलंही मी. पण बाहेर पडलं ते एवढंच, "चला, डास चावतील पोरीला." टोपलीत एकही खेकडा नव्हता. अमिषाने फोन कुणालाही केला नव्हता.

नंतरचे दिवस दिपेश बरा दिसायला लागला. वेळेवर उठायचा, दाढी करायचा. मोटरसायकल धुतली. अमिषाला बँकेत नेऊन कसल्याशा फॉर्मवर तिच्या सह्या घेतल्या. शेजारची शकू म्हणाली, "बघ, विश्रांतीनं फरक पडला." मीही म्हटलं, पडला. पण त्याच्या तोंडावर जे आलं होतं ते बरं वाटणं नव्हतं. प्रवासाची पिशवी भरून झाल्यावर माणूस गाडीची वाट बघत निवांत बसतो, तसं काहीतरी होतं ते. मी आई आहे, मला ते दिसत होतं, आणि मी सकाळ संध्याकाळ त्याला "आज बरा दिसतोस हां" म्हणत होते.

शनिवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. बांगड्याचं कालवण होतं. दिपेश तेजस्वीच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढत होता. अमिषाचा फोन वाजला. तिचे हात माखलेले, म्हणून तेजस्वीने बटण दाबलं आणि फोन स्पीकरवर पडला. म्हसळ्याहून तिची आई, माझ्या विहीणबाई केसरबाई. बाईंचा आवाज मुळातच मोठा, त्यात आनंद झालेला.

"अमे, कागद मिळाले का गो? कालच्या एस्टीनं पाठवलेत! तुझा बारावीचा दाखला, मार्कशीट, सगळं. ट्रंकेच्या तळाशी होतं बघ, तुझ्या बाबांनी अर्धा दिवस शोधलं."

"कसले कागद, आई?"

"अगो, जावईबापूंनी मागितले! मला म्हणाले, अमिषाला आत्ताच सांगू नका. पण माझ्या पोटात राहतंय होय? पुढं शिकवायचा विचार दिसतोय तुला. माझं तर रडूच आलं. कुठल्या नवऱ्याला सुचतं एवढं? नशीब काढलंस हो पोरी."

अमिषा ताटाकडे बघत होती. "हो आई," ती म्हणाली. "जेवतोय आम्ही. मग करते." कोपराने तिने फोन बंद केला.

पंखा फिरत होता. दिपेशने एक लांब काटा काढला, ताटाच्या कडेला बाकीच्या काट्यांशेजारी ओळीत ठेवला.

"बांगडा ताजा हाय आज," हे म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. "बंदरावरनंच घेतला."

"मग," अमिषा म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "मग मी खरंच शिकू का पुढं? बीए करू? बाहेरून करता येतं. चालेल का तुम्हाला?"

ती त्याला वाट करून देत होती. हो, त्यासाठीच मागवले, एवढंच त्याने म्हणायचं होतं. आम्ही तिघांनी त्यावर विश्वास ठेवला असता. आनंदाने ठेवला असता, संध्याकाळी पेढे वाटले असते.

"शिक की," दिपेश म्हणाला. "तुझं इंग्रजी चांगलं हाय." आणि काटे काढलेला मासा त्याने तेजस्वीच्या भातावर ठेवला. बोटांनी परत एकदा चाचपून बघितला. मग परत एकदा.

मी उठले. वाटीत थोडं कालवण घातलं, तेजस्वीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "केतनकाकाकडं नेऊन दे. तितंच जेव. मी बोलावते तवा ये." ती म्हणाली, माझा मासा? मी मासापण वाटीत घातला. तिची चप्पल फटक फटक वाजत दूर गेली.

मी परत पाटावर बसले. हाताला कालवण लागलेलं होतं, ते पुसलं नाही.

"दिपेश."

"काय, आये."

"तू मरायचं ठरवलंयस का?"

अमिषाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. हे म्हणाले, "अगं, जेवनावर काय बोलतंस..."

"तुमी थांबा. दिपेश, मी तुला विचारते."

तो काट्यांच्या ओळीकडे बघत होता. चेहऱ्यावर लाज होती, लहानपणी गणितात नापास झाला होता तेव्हासारखी.

"सोडली तर कुनालाच लागत न्हाय, आये. अमिषाला न्हाय, तेजस्वीला न्हाय. बाबांची जमीन फुकट जाते. मी सगळं बघितलंय. आनि सोमवारी मला परत त्या खुर्चीत बसवनार. माझ्या हातनं एक दिवस कुनीतरी मरनार हाय. त्यापरीस..."

"मी ते न्हाय विचारलं."

त्याने मान वर केली. माझ्याकडे नाही, बापाकडे बघितलं.

"व्हय," म्हणाला. "ठरवलंय."

हे ताटात हात घालून तसेच बसले होते. भाताचा घास कालवलेला, तो ना तोंडाकडे गेला ना खाली पडला. मग तो त्यांनी ताटात ठेवला.

"सोड नोकरी," हे म्हणाले. "पोरा, सोड."